मोटरची टांग

खंडेनवमीच्या चार दिवस आधी, भर दुपारी, आमचे मिस्त्री सायकलच्या कॅरिअरवर ओलं पोतं बांधून घरी आले. सासूबाई ओसरीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, लेकानं तलावावरून मासा आणला. त्या हरखून विळी काढायला उठल्या, तोवर पोत्यातून धप्पकन लोखंड पडलं.

"हे काय आणलं गा?"

"मोटरची टांग," मिस्त्री म्हणाले, आणि मिशीवरून असा हात फिरवला की ती टांग त्यांनीच कुस्ती खेळून तोडली असावी.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात तेव्हा सोय नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मिस्त्री म्हणत असे. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते विचारू नका. घराणं विणकरांचं. नागपूरच्या महाल वस्तीतल्या एका बोळात दोन खोल्या, मोठ्या खोलीत खड्ड्याचा माग, आणि मागातून उरलेल्या जागेत आम्ही तिघं. सासरे गेल्यापासून माग सासूबाई चालवत होत्या, कारण लेकाचं मन मागात नव्हतं. त्यांचं मन यंत्रात होतं. यंत्रांची काय इच्छा होती ते कोणी विचारलं नाही.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानी म्हटली की साहेब आले, आणि साहेब आले की त्यांना फिरायला बोट लागते. सक्करदऱ्याच्या तलावावर एका खात्याची अशी एक बोट होती. शेवाळ काढायला तीच आणि साहेबांना हवा खायलाही तीच. बोटीच्या मागच्या कडेला अडकवायची एक मोटर होती, कोण्या गोऱ्या अधिकाऱ्यानं विलायतेला जाताना विकून टाकलेली. वर इंजिन, खाली पाण्यात जाणारी लांब टांग, टांगेच्या टोकाला पंखा. पंखा फिरला की बोट चालते. एवढं ज्ञान मला लग्नानंतर महिन्याभरात झालं, कारण घरात दुसरा विषयच नव्हता. या मोटरवर आमचे मिस्त्री हंगामी होते. हंगामी म्हणजे काम रोजचं, पण माणूस आज आहे, उद्या नाही. दर तीन महिन्यांनी वरून सही आली तर पुढे चालू, नाही तर बसा घरी.

त्या साली पक्की जागा निघाली. एकच. मोठे साहेब दसऱ्यानंतरच्या द्वादशीला येणार, बोटीत बसून तलावाला फेरी मारणार, आणि मोटर नीट चालली तर मिस्त्रींचं नाव पक्क्यात जाणार. नेमकी तेव्हाच मोटर रुसली. इंजिन बोंबलायचं, पंखा ढिम्म, बोट जागची हलायची नाही.

पक्क्या नोकरीचं मोल ज्यांच्या घरी ती होती त्यांना कळायचं नाही. सुताची चणचण, गिरणीचं लुगडं स्वस्त, आणि सासूबाईंचे गुडघे असे झालेले की मागाच्या खड्ड्यात उतरताना त्या खुंटीला धरून देवाचं नाव घ्यायच्या. नोकरी पक्की झाली तर त्या खड्ड्यातून कायमच्या वर येणार होत्या. नाही झाली तर त्यांच्या जागी मी उतरणार होते. मला उतरायचं नव्हतं. माहेरी दहा वर्षं मी खड्ड्यात पाय सोडूनच बसले होते. हे मी कोणाजवळ बोलले नाही, पण त्या लोखंडाकडे पाहताना माझ्या मनात तेवढंच होतं.

"पण घरी काहून आणली?" मी विचारलं.

"तिथं चार जणं पाहून राह्यतात. एक मान हलवते, दुसरा नाक मुरडते. डॉक्टर कधी चौकात आपरेशन करते का वं?"

खरी गोष्ट अशी की सुट्ट्यांमुळे शेडला कुलूप लागणार होतं.

"चिठ्ठी घेतली का? सरकारी वस्तू आहे."

"चौकीदाराले सांगतलं, साहेबाचा हुकूम हाये."

"आहे का?"

"साहेबाले माहीत असतं तर असताच."

अशा माणसाशी काय भांडायचं! खोटं बोलत असं नाही म्हणता यायचं, कारण खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतो हे ठाऊक असतं. आमचे मिस्त्री थापा मारत आणि मारता मारता त्यांच्यावर विश्वास ठेवत. लढाईच्या काळात त्यांनी सोनेगावला एक विमान दुरुस्त केलं होतं. ही कथा मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा निष्पन्न झालं की त्या विमानाच्या चाकात हवा भरली गेली होती, तीही दुसऱ्यानं, आणि हे पंपाची नळी धरून उभे होते. सासूबाईंना मात्र ती कथा पाठ होती. शेजारणींना सांगताना त्यांच्या तोंडी ते विमान लंडनपर्यंत जाऊन यायचं.

तर मिस्त्रींनी ओसरीवर सासूबाईंचं फडकं अंथरलं आणि पान्हा घेऊन बसले. "पाच मिनिटाचं काम हाये," म्हणाले. दिवेलागणीपर्यंत ती पाच मिनिटं चालली. आधी पंखा निघाला. पंखा ओढताच त्याच्या भोकातून तीन बारीक खिळ्या टपटप खाली पडल्या. मग पेच, मग झाकण, मग काळं घट्ट ग्रीस, त्यातून दातेरी चक्रं, कड्या, वायसर, पुन्हा वायसर. निघालेली वस्तू मिस्त्री हाताला येईल तिथे ठेवत होते. एक चक्र गुडघ्याखाली, एक वायसर पानाच्या डब्यात, पेच सदऱ्याच्या खिशात.

"काही खूण-बिण करा," मी म्हटलं.

"सगळं डोक्यात हाये."

त्या डोक्यात काय काय होतं याची मला कल्पना होती, म्हणून मी उठले आणि सुताची जाड दोरी आणली. माहेरी आम्ही ताणा, म्हणजे उभे धागे, मागावरून उतरवायचो तेव्हा धाग्यांच्या मधून दोरी ओवून ठेवायचो. शेकडो धागे, पण एकानंही आपला शेजार सोडायचा नाही. शेजार सुटला की महिन्याची मेहनत गेली. मी तेच केलं. आधी निघालेल्या वस्तू जिथून-तिथून गोळा करून, निघाल्या त्या क्रमानं ओवल्या. टांगेतून जी वस्तू निघेल ती उचलायची, दोरीत ओवायची, गाठ मारायची, पुढची ओवायची. पेचांना भोक नव्हतं, ते बांधले. त्या तीन बारीक खिळ्या एकाच घरातून निघाल्या होत्या, म्हणून एकाच गाठीत बांधल्या.

मिस्त्री हसले. "मोटर हाये वं, मंगळसूत्र नाई."

"मंगळसूत्र तुमच्या हाती उघडायला दिलं असतं तर मणी पानाच्या डब्यात सापडले असते," मी म्हटलं.

सगळं बाहेर आल्यावर मिस्त्रींनी एकेक वस्तू दोरीवरच फिरवून पाहिली. चक्राचे दाते शाबूत. दांडा सरळ. कुठे चीर नाही, तडा नाही. आता हे जरा अवघड झालं. पोट फाडून पाहावं आणि आत सगळं छान असावं, तर शिवताना तोंड कुठे लपवायचं? मिस्त्रींनी थोडा वेळ विचार केला आणि निदान सांगितलं. ग्रीस म्हातारं झालं.

ग्रीस शोधायला त्यांना तीन दिवस लागले. बैलगाडीचं वंगण गल्लीत होतं, पण विलायती टांगेला देशी वंगण कसं चालेल? दरम्यान अष्टमीला मी उमरेडला माहेरी गेले. ती दोरी सतरांदा बजावून सासूबाईंच्या ताब्यात दिली. "आत्याबाई, सांभाळा," म्हटलं. तेवढंच म्हटलं. कशासाठी सांभाळायची ते सांगायला हवं होतं, ही माझी चूक, मी कबूल करते.

नवमीला दुपारी परत आले तर दारात झेंडूचं टपोरं तोरण. आत पाहते तो मागापुढे पाट मांडलेला. पाटावर धोटा, फणी, कात्री, आणि त्यांच्या पुढ्यात मोटरची टांग, संपूर्ण, सुट्टी सुट्टी. सासूबाईंनी प्रत्येक तुकडा दोरीतून काढला होता, चिंच आणि राख लावून लख्ख घासला होता, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत अशा सुरेख ओळी लावल्या होत्या की दृष्ट काढावी. सगळ्यांना हळदीकुंकू. वायसरांना सुद्धा एकेक बोट.

"पाह्य वं," त्या म्हणाल्या, "कसं झगमगून राह्यलं. त्या गोऱ्याच्या घरी कोणी पूजा केली असंन का याची? म्हणून बिघडली."

"दोरी कुठे आहे, आत्याबाई?"

"दाराले बांधली ना. तोरण पाह्यलं नाई का? चांगली जाड दोरी, वाया काहून जाऊ द्यायची?"

नवमीला हत्यारं पुजायची हा आमचा रिवाज मला काय नवीन होता? ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. सासूबाईंचं गणितही सोपं होतं. लेकाचं पोट आता मागावर नाही, मोटरवर. मग पूजा मोटरची. त्यांच्यावर चिडावं तर कशावरून चिडावं!

तेवढ्यात मिस्त्री ग्रीसचा डबा घेऊन आले. पाटाकडे पाहिलं, तोरणातल्या दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग देव मांडलेला असल्यामुळे बिचाऱ्यांना आधी वाकून नमस्कार करावा लागला.

"उचलू का माय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"खबरदार! उद्या सोनं वाटून झाल्याशिवाय हात लावायचा नाई. आज उचललं तर सालभर हाताले यश नाई."

विमान दुरुस्त करणारा माणूस, पण आईपुढे एक वायसर उचलायची हिंमत झाली नाही. दोन दिवस ती टांग पाटावर ऐटीत बसून राहिली आणि आम्ही तिच्याभोवती पाय न लावता फिरलो. दसऱ्याला येणारे-जाणारे सोनं देऊन तिलाही नमस्कार करून गेले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणता देव हाये हा?" मिस्त्रींनी सांगितलं, "सरकारी."

एकादशीला सकाळी आंघोळ करून मिस्त्री जोडायला बसले. दुसऱ्या दिवशी द्वादशी, सकाळी साहेब. पहिल्यांदा टांग अर्ध्या तासात जुळली. मी तोंडात बोट घातलं. मग दिसलं की फडक्यावर दोन वायसर आणि एक कडी शिल्लक आहे.

"कंपनीवाले जास्तीचे देतात," मिस्त्री म्हणाले.

"आत घालून देतात का?"

उघडली. दुसऱ्यांदा सगळं आत गेलं, पण दांडा फिरेना. जोर लावला तर आतून असा आवाज आला की सासूबाई स्वयंपाकघरातून "काय मेलं?" म्हणत धावल्या. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा झाकणच बसेना. आता पान्हा खाली ठेवून मिस्त्री भिंतीला टेकले. तोंडावर घाम, कपाळाला ग्रीस.

"मले जमत नाई वं," ते शेवटी म्हणाले. "उद्या जातो, साहेबाच्या पायावर डोकं ठेवतो, अन् मागावर बसतो. तुले बसवणार नाई. मीच बसतो."

लग्नाला दोन वर्षं झाली होती. "मले जमत नाई" हे शब्द मी त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्यांच्या बढाया ऐकल्या की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ते शब्द ऐकून मला त्या बढायाच बऱ्या वाटल्या. मी उठले, दाराशी गेले आणि तोरण सोडलं.

"अवं, अवं! दसऱ्याचं तोरण कोणी काढते का? लाज नाई का वं तुले?" सासूबाई ओरडल्या.

मी ऐकलं नाही. झेंडू ओरबाडून काढला. आतली दोरी तशीच होती. ग्रीसमुळे गाठी इतक्या आवळल्या होत्या की सासूबाईंनी सोडवायचा नाद सोडून, तुकडा काढण्यापुरती एकेक गाठ सैल करून परत तशीच सोडली होती, आणि फुलं दाभणानं ओवली होती. गाठीगाठींच्या मध्ये काळे डाग. जाड चक्र जिथे होतं तिथे दोन बोटं रुंद डाग, वायसर होता तिथे काळी रेघ, कडी होती तिथे अर्ध्या बोटाचा. सुताला लागलेला डाग जन्मात जात नाही, हे विणकराच्या लेकीला कोणी सांगायला नको. मी दोरी ओसरीभर ताणली, एक टोक खुंटीला बांधलं आणि शेवटाकडून वाचायला लागले. शेवटी निघालेलं पहिल्यांदा आत जाणार.

"रुंद डाग. मोठं चक्र. त्याच्यानंतर रेघ, म्हणजे वायसर. मग अर्धं बोट, कडी."

मिस्त्री मुकाट्यानं लावत गेले. एका ठिकाणी अडलं. वायसर तोच, पण कोणती बाजू वर? दोरी ते सांगत नव्हती. सासूबाई इतका वेळ तोरणासाठी तोंड फुगवून बसल्या होत्या, पण राहवेना.

"इकडं दे," त्या म्हणाल्या आणि वायसरावरून अंगठा फिरवला. "ही बाजू झिजेल हाये. घासताना लागत होती ना हाताले. झिजली ती चक्राकडं."

तशीच बसली. झाकणाखालचा कागद फाटला होता. मिस्त्रींचा उत्साह आता परत आला होता; म्हणाले, नवीन कागद खळीनं चिकटवू. सुताला लावायची ती खळ, भाताची! मी कपाळावर हात मारला. सात पिढ्या खळ लावणाऱ्या घरातला माणूस, आणि खळ पाण्यात विरघळते हे त्याला मोटर दिसली की आठवत नाही. सुताच्या गठ्ठ्याचा खाकी कागद होता, तो मी कात्रीनं कापला, एरंडेलात बुडवला आणि लावला. पेच आवळले. दांडा फिरवला तर लोण्यासारखा फिरला. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली आणि पंखा चढवला.

दांडा फिरला. पंखा ढिम्म.

म्हणजे तोच आजार, जसाच्या तसा! मी दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. पहिल्यांदा निघालेलं शेवटी लागतं. तिथल्या एका बारीक गाठीतली वस्तू अजून लागलीच नव्हती.

"आत्याबाई, इथे तीन खिळ्या होत्या. पाटावर नव्हत्या?"

"नव्हत्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुटेल वस्तू पूजेत ठेवत नाई. कोनाड्यात ठेवली."

"तुटलेली?"

त्यांनी कोनाड्यातून खिळ्या काढल्या आणि तळहातावर एकाला एक जुळवून धरल्या. तिन्हीची टोकं अशी बरोबर बसली की मध्ये केस जाईना.

"हे तीन नाई गा. एकच हाये. मोडली हाये. नवमीलेच पाह्यलं मी."

पंखा आणि दांडा एकमेकांना धरून ठेवणारी ती एक बोटभर पितळी खिळी. ती मोडली होती, म्हणून पंखा फिरत नव्हता. बाकी टांगेला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पंखा काढायचा, नवी खिळी घालायची, खरोखरच पाच मिनिटांचं काम होतं. सासूबाईंना आजार नवमीलाच सापडला होता, पण त्यांना विचारतो कोण? त्या काय मिस्त्री होत्या?

"मग ही टांग उघडायची गरजच नव्हती का?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"ग्रीस तर बदललं ना," मिस्त्री म्हणाले.

कासाराकडून पितळेच्या सळईचा तुकडा आणला, कानशीनं घासून खिळी केली, ठोकली. दिवस मावळायच्या आत टांग पुन्हा पोत्यात गेली.

द्वादशीला सकाळी मी आणि सासूबाई डबा द्यायच्या निमित्तानं तलावावर गेलो. निमित्तच ते. पायऱ्यांशी उभं राहिलो. साहेब आले, मागे-पुढे चार माणसं, त्यांत पक्क्या जागेवर डोळा असलेला दुसरा हंगामीही होता. मिस्त्रींनी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, आणि बोट शेवाळ कापत अशी निघाली की सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. तलावाला एक फेरी, दुसरी फेरी. साहेब खूश होऊन उतरले. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"शाब्बास! मला तर सांगितलं होतं की मुंबईला पाठवावी लागेल. पूर्ण उघडली होतीस म्हणे?"

"हो जी."

"पुस्तक नाही, नकाशा नाही. मग जोडलीस कशी?"

मी डोळे मिटले. आता विमान येणार, हे मला ठाऊक होतं. येऊ दे, म्हटलं. आजच्या दिवस त्या विमानाला माझी काही हरकत नव्हती. लंडनला जाऊन आलं तरी चाललं असतं.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. एकदा पायऱ्यांकडे पाहिलं.

"मी नाई जोडली जी. मी तीनदा चुकलो. बायकोनं जोडली, दोरीवर डाग पाहून. अन् बिमारी काय होती ते माह्या मायनं ओळखलं."

आधी साहेब हसले. मग सगळे हसले, तो दुसरा हंगामी सगळ्यांत जास्त. मग साहेबांचं हसू थांबलं.

"बायकोनं? म्हणजे मोटर घरी नेली होतीस?"

"हो जी."

"कोणाच्या परवानगीनं?"

अहो, अजूनही वेळ गेली नव्हती. चौकीदाराला सांगितलं तेच सांगायचं होतं. शेडला कुलूप होतं म्हणायचं, काहीही म्हणायचं. एरवी जिभेला हाड नसलेला माणूस.

"कोणाच्या नाई जी," मिस्त्री म्हणाले.

सरकारी मालमत्ता विनापरवाना घरी नेऊन बायकांच्या हाती दिली, असा शेरा पडला. पक्की जागा त्या दुसऱ्याला मिळाली. महिनाअखेरीला हंगामीसाठी वरून यायची ती सहीही आली नाही.

त्या दिवशी तलावावरून महालापर्यंत मी यांना रस्ताभर बोल बोल बोलले. लोक वळून पाहत होते, मला पर्वा नव्हती. आयुष्यभर थापा मारल्या, खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला का? मी मागितलं होतं का माझं नाव? साहेबाच्या वहीत माझं नाव लिहून मी काय खाणार होते? कोणाला पडली होती की टांग कोणी जोडली? सासूबाई पुढे चालत होत्या, त्या एकदाही वळल्या नाहीत. मिस्त्री सायकल हातात धरून चालत होते. घराच्या बोळाशी आल्यावर थांबले.

"आजवर थापा मारल्या त्याच्यात कोणाचं काई गेलं नाई वं," ते म्हणाले. "याच्यात तुझं गेलं असतं."

संतापानं मला समोरचं दिसत नव्हतं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की तेवढा मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी आत गेले आणि चूल पेटवली.

दिवाळीनंतर माग आम्ही दोघांनी चालवला. दिवसा मी खड्ड्यात, संध्याकाळी ते. सासूबाईंना आम्ही वरच बसवलं. पुढे यांनी सायकलींचं दुकान टाकलं, तिथेही थापा मारल्या, विमान तर इतकं वाढलं की शेवटी त्यात यांनी स्वतः बसून पाहिलं होतं. मी टोमणे मारत राहिले, ते हसत राहिले, पस्तीस वर्षं अशीच गेली. त्या द्वादशीला मला काय वाटलं ते मी बहिणीला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, सुनांना तर त्या कंटाळेपर्यंत सांगितलं. यांनाच तेवढं कधी सांगितलं नाही.